प्राध्यापिकेच्या वडिलांना केलेला फोन

“नऊ,” कॉलेजची ॲडव्हायझर म्हणाली.

“अठरा,” मी म्हणालो.

“मिस्टर ढोबळे, हा बाजार नाही.”

“मग पंधरा.”

ती हसली. मी हसलो नाही. हसलं की भाव पडतो, हे मी जालन्याच्या मोंढ्यात लहानपणीच शिकलो होतो. मी माझी सर्टिफिकेटं तिच्या टेबलावर एकेक करून मांडली. ॲकॅडमीचं ट्रेनिंग, रिपोर्ट रायटिंग, फर्स्ट एड, भांडण सोडवण्याचा कोर्स. “तुमच्या कॉलेजात पोरं हे पुस्तकातून शिकतात. मी हे रोज करतो. मग परत शिकायला का लावता?” तिनं तिच्या वरिष्ठाला बोलावलं. त्याच्याशीही मी तेवढाच वेळ भांडलो. शेवटी बारा क्रेडिटवर सौदा पटला.

क्रेडिट म्हणजे काय, ते सांगतो. अमेरिकेत प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट असतात. विषय पास झालात की ती तुमच्या नावावर जमा होतात. पुरेशी जमली की डिग्री. बारा क्रेडिट म्हणजे माझे चार विषय वाचले. मी खूश होऊन बाहेर पडलो. या देशात मागितलं की मिळतं, फक्त आवाज चढवून मागावं लागतं, असं माझं मत त्या दिवशी आणखी पक्कं झालं. पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ तिथंच आहे.

मी शिकागोजवळच्या एका काउंटी जेलमध्ये करेक्शनल ऑफिसर आहे. म्हणजे कैद्यांवर लक्ष ठेवणारा. लोक जेल आणि प्रिझन एकच समजतात. शिक्षा लागलेला माणूस प्रिझनमध्ये जातो. जेलमध्ये बहुतेक जण खटल्याची वाट बघत असतात. काही उद्या सुटतील, काही वर्षभर राहतील. दारू पिऊन गाडी चालवणारा बँकेतला माणूस आणि सुरा चालवणारा गडी, दोघं एकाच दारातून येतात. कोणाला कोणत्या ब्लॉकमध्ये आणि कोणाशेजारी ठेवायचं हे ठरवण्याला क्लासिफिकेशन म्हणतात. ते चुकलं की कोणीतरी मार खातो.

त्या कामाचा सार्जंट व्हायचं हे माझं बरीच वर्षं चाललेलं दुखणं होतं. जागा तीनदा निघाली. तिन्ही वेळा कॅप्टन हॅरिस मला आत बोलवायचे आणि एकच वाक्य ऐकवायचे. “डी, काम तुझ्याइतकं कोणाला येत नाही. पण बॅचलर्स डिग्री लागते.” तिन्ही वेळा ती जागा मीच शिकवून तयार केलेल्या पोरांना मिळाली. शेवटच्याला तर वॉकी-टॉकी कमरेला कुठं लावायचा इथपासून मी शिकवलं होतं. सार्जंट झाल्यावर आठवड्याभरात तो मला म्हणाला, “डी, तुझे रिपोर्ट जरा लांबतात.”

मी बारावी पास. बायको, सुनंदा, नर्स म्हणून इथं आली आणि मी तिच्या मागून आलो. गॅस स्टेशनवर उभा राहिलो, डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांच्या दुकानाच्या दारात सिक्युरिटी केली, मग काउंटीत लागलो. हे सगळं मी स्वतःच्या हिमतीवर केलं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण तो घरात. महाराष्ट्र मंडळात कोणी विचारलं, “कुठे असता?”, की मी म्हणायचो, “काउंटीत.” ते समजायचे काउंटीच्या आयटीत. मी खोटं बोलत नव्हतो. दुरुस्तही करत नव्हतो.

म्हणून या वयात कॉलेजात जातोय हे कोणाला कळू नये, अशी माझी धडपड होती. सोय चांगली होती. आमच्या गावातल्या कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे स्वस्तातल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचा, एका युनिव्हर्सिटीशी करार आहे. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजची. पुढची दोन वर्षं युनिव्हर्सिटीची, पण शिकवणारे त्याच इमारतीत येतात. डिग्री युनिव्हर्सिटीची, विषय क्रिमिनल जस्टिस, आणि क्लास ड्यूटी संपल्यावर. शेजारच्या बाकांवर पोलिस, तुरुंगाबाहेरच्या गुन्हेगारांवर देखरेख ठेवणारे प्रोबेशन ऑफिसर, घर सांभाळून शिकणाऱ्या दोन-चार आया. मराठी माणूस तिथं भेटायची शक्यताच नव्हती. आपली पोरं क्रिमिनल जस्टिस शिकायला जात नाहीत.

शेवटच्या सेमिस्टरला मी वर्गात शिरलो तर समोर ऋचा उभी. अविनाशरावांची ऋचा.

अविनाशराव म्हणजे आमच्या मंडळाचे माजी अध्यक्ष. सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मंडळात कोणत्याही विषयावरचं बोलणं ते पाच मिनिटांत मुलीवर आणायचे. “आमची ऋचा डाउनटाउनला लॉ फर्ममध्ये असते, चाळिसाव्या मजल्यावर.” हीच ती ऋचा. गणपतीत परकर-पोलकं घालून नाचताना मी तिला पाहिलेलं. मला वाटलं, पोरगी इथं काही भाषणबिषण द्यायला आली असेल. तिनं बोर्डावर स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली कोर्सचं नाव लिहिलं. हीच आमची प्रोफेसर.

क्लास सुटल्यावर मी मागे थांबलो. बाकीचे गेले तशी ती हसत पुढे आली.

“काका! व्हॉट अ सरप्राइज!”

“ऋचा, एक काम कर. मी इथं येतो हे मंडळात कोणाला बोलू नकोस. तुझ्या बाबांना तर नाहीच.”

“काका, मला बोलताच येत नाही. स्टुडंटबद्दल बाहेर बोलायचं नाही, असा कायदाच आहे. तुमच्या घरच्यांनाही मी काही सांगू शकत नाही.” मग ती जरा थांबली. “आणि तुम्ही पण माझ्याबद्दल कुठे बोलू नका, प्लीज. मी इथे शिकवते हे.”

“डन,” मी म्हणालो.

का, ते मी विचारलं नाही. मला फुकटात हवं ते मिळालं होतं. समोरच्यानंही बदल्यात काही मागितलं की सौदा आणखी पक्का, एवढाच माझा विचार.

वर्गात ती मला मिस्टर ढोबळे म्हणायची. मी एकदा चुकून “ऋचा, एक मिनिट” म्हणालो, तर सगळा वर्ग वळून बघायला लागला. ती शांतपणे म्हणाली, “प्रोफेसर चालेल.” बरोबरच होतं तिचं. पण मला लागलं. वीसेक वर्षांची पोरंटोरं बघत होती.

मग कॅपस्टोन आला. कॅपस्टोन म्हणजे शेवटचा मोठा पेपर. त्यात पास झाल्याशिवाय डिग्री नाही. मी अर्थातच क्लासिफिकेशनवर लिहिला. माझ्याइतकं त्यातलं त्या इमारतीत कोणाला कळत होतं? नवीन माणूस बुकिंगला आला, म्हणजे त्याची नोंद होत असताना, तो खांदे कसे धरतो, कोणाकडे बघणं टाळतो, यावरून मला कळतं त्याला कुठं ठेवायचा, असं मी लिहिलं. उदाहरणं दिली. मनापासून लिहिला. सुनंदानं स्पेलिंगं तपासली.

पेपर परत आला. अठ्ठावन्न. पास व्हायला सत्तर लागतात.

मार्जिनमध्ये तिनं दोन-तीन ठिकाणी एकच गोष्ट विचारली होती. “हे तुम्हाला कळतं, हे मान्य. पण नवीन ऑफिसरला कसं शिकवाल? आणि तुमचा अंदाज चुकला तर ते कसं कळेल?”

मी गाडीत बसून ते वाचलं आणि डोकं फिरलं. काय शिकवते ही मला? हिनं आयुष्यात एक तरी ब्लॉक आतून पाहिलाय का? त्याच आठवड्यात चौथ्यांदा सार्जंटची जागा निघाली होती. कॅप्टन हॅरिस स्वतः येऊन म्हणाले होते, “या वेळी तुझी डिग्री वेळेत आली तर तुझं नाव मी वर ठेवतो.” म्हणजे ही पोरगी आणि तिचे अठ्ठावन्न माझ्या आणि सार्जंटच्या पट्ट्यांच्या मध्ये उभे होते.

आता एक साधा मार्ग होता. तिच्या टेबलाशी जायचं आणि विचारायचं, “प्रोफेसर, यात काय करता येईल?” ॲडव्हायझरशी मी तासभर भांडलो होतो. गाडी घेताना डीलरला रडवलं होतं. डेव्हनवर कोथिंबिरीच्या जुडीचाही भाव करतो. पण जिला परकर-पोलक्यात पाहिलं, तिच्यासमोर उभं राहून मार्क मागायचे? ते माझ्यानं झालं नाही. आपल्याकडे पोरांशी बोलणी करत नाहीत. त्यांच्या बापाशी करतात.

मी अविनाशरावांना फोन लावला.

“बोला ढोबळे! पावभाजीच्या स्टॉलचं का? तुम्हालाच देऊ या वर्षी.”

“स्टॉलचं नाही. तुमच्या ऋचाला जरा सांगायचं होतं. म्हणजे तुम्ही सांगितलंत तर ऐकेल ती. माझ्या पेपरला तिनं फारच कडक मार्क दिलेत.”

“कसला पेपर?”

“कॉलेजचा. ती शिकवते ना आम्हाला.”

“कोण?”

“ऋचा.”

ते हसले. “काहीतरी गडबड होतेय तुमची. ऋचा फर्ममध्ये असते. पार्टनरच्या ट्रॅकवर आहे ती. नाव-साधर्म्य असेल दुसऱ्या कोणाचं.”

इथं मी थांबायला हवं होतं. तिला दिलेला शब्द मला तेव्हा आठवलाही. त्यांच्या आवाजातून मला सगळं कळलं होतं. पोरीनं फर्म सोडली आहे आणि घरी सांगितलेलं नाही. “हो, गडबड झाली असेल,” एवढंच म्हणायचं होतं. फोन संपला असता.

पण ते हसले होते. त्या हसण्यात मला वर्षानुवर्षांचा चाळिसावा मजला ऐकू आला. मी म्हणालो, “अहो, मी दर मंगळवारी तिच्यासमोर बसतो. कम्युनिटी कॉलेज आहे. माझ्याबरोबर पोलिस असतात, जेलवाले असतात. त्यांना शिकवते. चांगली शिकवते तशी.”

पलीकडे काही आवाज नाही.

खरं सांगतो, ती शांतता मला आवडली. मोजून दोन-तीन श्वास असेल. पण आवडली. मार्कांचं मी त्या वेळी विसरलोच होतो.

मग अविनाशराव म्हणाले, “ठीक आहे, ढोबळे,” आणि फोन ठेवला. मी त्यांच्याकडून कसलं वचन घेतलं नव्हतं, भाव ठरला नव्हता, काहीच झालं नव्हतं. फक्त मी देऊन बसलो होतो, आणि दिलं ते माझं नव्हतं.

सुनंदाला सांगितलं. तिला वाटलं मी गंमत करतोय. मग तिनं भाजीचा गॅस बंद केला.

“अहो, पोरीनं तुमचं झाकलं ना इतके दिवस?”

“तो कायदाच आहे. तिला झाकावंच लागतं.”

“आणि तुमच्यासाठी कायदा नाही म्हणून तुम्ही सांगितलं?”

तिनं गॅस परत लावला आणि माझ्याकडे पाठ केली.

पुढच्या मंगळवारी ऋचानं नेहमीसारखं शिकवलं. तीच बोर्डावरची व्यवस्थित अक्षरं. क्लास संपल्यावर ती म्हणाली, “मिस्टर ढोबळे, दोन मिनिटं.” मराठीत एक शब्द नाही.

“तुमच्या ग्रेडबद्दल माझ्या फॅमिलीतल्या माणसाशी कॉन्टॅक्ट झालाय. मी ते डिपार्टमेंट चेअरला कळवलंय. यापुढे तुमचा पेपर मी तपासणार नाही. त्यांची अपॉइंटमेंट घ्या.”

“अगं ऋचा, ऐक तर. माझ्या मनात तसं काही—”

“मी घरी सांगणारच होते,” ती म्हणाली. आता मराठीत, पण माझ्याकडे न बघता. “दिवाळीला. माझ्या तोंडून.” आणि ती लॅपटॉप उचलून गेली.

चेअर म्हणजे विभागप्रमुख. ऑफिसमध्ये झाडं ठेवणारी, साठीची, आधी वीस वर्षं प्रोबेशन ऑफिसर असलेली बाई. मी तयारी करून गेलो होतो. आमच्या संस्कृतीत वडीलधाऱ्यांशी बोलायची पद्धत असते वगैरे. तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही जेलमध्ये काम करता ना?”

“हो.”

“एखाद्या कैद्याचा नातेवाईक तुमच्या घरच्यांना भेटला आणि म्हणाला, तुमच्या माणसाला सांगा, आमच्या पोराला चांगला ब्लॉक द्या. मग तुम्ही काय करता?”

हे माझ्याबाबतीत झालेलं होतं. एकदा डेव्हनवर मिठाईच्या दुकानात एकानं मला गाठलं. त्याचा मेहुणा आत होता. “आपलेच आहात तुम्ही,” म्हणाला, आणि माझ्या मिठाईचं बिल भरायला लागला. मी भर दुकानात त्याच्यावर ओरडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनकडे लेखी रिपोर्ट दिला. आमच्याकडे तो नियमच आहे. बाहेरून कोणी तुमच्यामार्फत आतलं काम करून घ्यायला बघत असेल तर लगेच कळवायचं, नाही कळवलं तर तुमची नोकरी. ऋचानं तेवढंच केलं होतं. मी ज्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, तेच.

“रिपोर्ट लिहितो,” मी म्हणालो.

“बरं,” चेअर म्हणाली. “कारवाई करावी का, यावर मी विचार केला. प्रोफेसरनं लिहिलंय की तुम्ही लाच दिली नाही, धमकी दिली नाही, पहिलीच वेळ आहे, समज देऊन सोडावं. मी तेच करतेय. तुमचा पेपर आमच्याकडचे दुसरे प्रोफेसर तपासतील. रीराइट कधी देताय?”

“कसलं रीराइट?”

ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. “तिच्या कोर्समध्ये प्रत्येकाला एकदा पेपर परत लिहून द्यायची मुभा आहे. तुमच्या वर्गातल्या सातजणांनी घेतली. तुम्ही तिला विचारलं नाहीत?”

मी विचारलं नव्हतं. जे मागायची गरजही नव्हती, नुसतं विचारलं तरी मिळणार होतं, ते मी तिच्या बापाकडून ओढून आणायला गेलो होतो. त्या ऑफिसमधून बाहेर पडताना पार्किंगपर्यंत मला कोणाच्या नजरेला नजर द्यायची हिंमत झाली नाही. वास्तविक तिथं मला कोणी ओळखतही नव्हतं.

पेपर परत लिहायला बसलो. तिचा प्रश्न समोर होता, नवीन ऑफिसरला कसं शिकवाल? मला उत्तर येत नव्हतं. खांद्यांवरून कळतं, हे मी त्या तिन्ही पोरांनाही सांगितलं होतं, आणि त्यांनी मान डोलावली होती. त्यातल्या कोणाला ते खरंच कळायला लागलं का, मी कधी तपासलं नव्हतं. मग मी कॅप्टन हॅरिसांची परवानगी काढली आणि माझेच चुकलेले अंदाज आठवून लिहिले, नावं-गावं गाळून. ज्याला मी शांत समजून शांत ब्लॉकमध्ये ठेवायची शिफारस केली आणि ज्यानं दुसऱ्याचा दात पाडला, तो. ज्याला गुंड समजलो आणि जो नुसता घाबरलेला होता, तो. ते लिहिणं सोपं नव्हतं. पण पेपर झाला. दुसऱ्या प्रोफेसरनं पंच्याऐंशी दिले. मी वाढवून मागितले नाहीत.

डिग्री वेळेत आली. कॅप्टन हॅरिसांनी शब्द पाळला. माझ्या बाहीवर तीन पट्टे लागले. जेलमध्ये केक कापला. सुनंदानं फोटो काढले, पण मंडळाच्या ग्रुपवर टाकले नाहीत. मीही टाक म्हणालो नाही.

एक गोष्ट राहिली होती. परीक्षा पास झालं की पेढे द्यायचे, आणि पहिले शिकवणाऱ्याला. डेव्हनवरून अर्धा किलो घेतले आणि कॉलेजात गेलो. ऋचा वर्गाबाहेर उभी होती.

“काँग्रॅच्युलेशन्स, काका.”

‘काका’ ऐकून मला वाटलं, मिटलं. मी म्हणालो, “माझं चुकलं, पोरी. आता तू सांग, मी काय करू? तुझं काही काम असेल, कोणाला शब्द टाकायचा असेल—”

“बघा,” ती म्हणाली. “सॉरीच्या मागोमाग तुम्ही लगेच डील काढलीत.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं. तिनं बॉक्स उघडला, एक पेढा घेतला, खाल्ला, आणि बॉक्स माझ्या हातात परत दिला.

“हे बाबांना नेऊन द्या. ते माझ्याशी बोलत नाहीत आणि मी त्यांच्याशी. पण तुम्ही त्यांनाही हर्ट केलंय. मला वाटतं तेही तुमच्या अजून लक्षात आलेलं नाही.”

आलं नव्हतं.

शनिवारी गेलो. अविनाशरावांनी दार उघडलं. दाढी वाढलेली. मंडळात ते बऱ्याच दिवसांत दिसले नव्हते आणि का, हे मी आणि सुनंदा सोडून कोणाला माहीत नव्हतं. मला आत या म्हणाले नाहीत. मी दारातच सांगितलं. जेलमध्ये काम करतो. ग्रॅज्युएट आत्ता झालो. त्या दिवशी फोनवर तुम्हाला खाली बघायला लावण्यासाठी बोललो, मार्कांसाठी नाही. चुकलं.

त्यांनी पेढ्यांचा बॉक्स हातात घेतला. बराच वेळ त्यावरचं दुकानाचं नाव वाचत राहिले.

“शिकवते कशी ती?”

“उत्तम. मला नापास केलं होतं तिनं. बरोबर केलं होतं.”

“फर्म का सोडली, काही बोलली?”

“नाही. मी विचारलं नाही.”

“मीही नाही. नुसता ओरडलो. आता फोन उचलत नाही ती माझा. म्हणजे, एकदाच केला मी.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “ढोबळे, तुमची भेट होते तिची. तुम्ही जरा तिला सांगा ना, घरी ये म्हणावं. तुमचं ऐकेल ती.”

माझ्या तोंडात ‘सांगतो की’ आलंच होतं. असलं काम मला आवडतं. दोघांच्या मध्ये उभं राहायचं, इकडचं तिकडं करायचं.

“नाही, अविनाशराव,” मी म्हणालो. “तुम्हीच परत करा फोन.”

त्यांना राग आला असावा. त्यांनी मान हलवली आणि दार लावलं. त्यांनी फोन केला का, मला माहीत नाही. मी कोणालाही विचारलेलं नाही, सुनंदालासुद्धा विचारू दिलं नाही.

ज्याच्याशी काम आहे त्याच्याशीच बोलावं. एवढं कळायला चार वर्षांची डिग्री लागत नाही. मला लागली.